गिऱ्हाईक येणारच नसेल तर दुकानाला एवढा मोठा दर्शनी भाग कशाला? न्यूटाउनच्या रॉयल वेल्श वेअरहाऊसची गोष्ट

वेल्समधे पोविस भागात न्यूटाउन म्हणून एक गाव आहे, सेव्हर्न नदीच्या वळणात बसलेलं, वस्ती आजही साधारण अकरा हजारच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी खेड्याएवढी. आणि ह्या एवढ्याशा गावात रेल्वे स्टेशनला लागून लाल विटांची एक प्रचंड इमारत उभी आहे, मजल्यावर मजले, खिडक्यांच्या रांगाच्या रांगा, आणि वर लांबून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात नाव : प्राइस जोन्स, रॉयल वेल्श वेअरहाऊस. 1879 साली उघडलेली ही इमारत म्हणजे कापडाचं दुकान होतं. पण गंमत अशी की ह्या दुकानाची बहुतेक गिऱ्हाइकं आयुष्यात कधी न्यूटाउनला आलीच नाहीत. घरबसल्या पत्र लिहायचं, पैसे पाठवायचे, कापड पार्सलने घरी येणार. आज आपण मोबाइलवर जे करतो तेच, फक्त दीडशे वर्षांपूर्वी आणि पोस्टाच्या तिकिटावर.

मग प्रश्न असा पडतो की गिऱ्हाईक यायचंच नाहीये तर एवढी देखणी, एवढी उंच, एवढी खर्चिक इमारत बांधायची कशाला? चार पत्र्याच्या शेड ठोकल्या असत्या तरी भागलं असतं की. ह्या एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला तर जुन्या दुकानांचं आर्किटेक्चर नेमकं काय असतं, भिंती-खिडक्या-खांब असे का असतात, ते सगळं समजतं, आणि मला ही इमारत आवडते ती त्याचसाठी. तर जरा निवांत सांगते.

आधी माणूस. प्राइस जोन्स हा न्यूटाउनशेजारच्या लानलुखाइआर्नचा, 1834 चा जन्म. लहानपणीच गावातल्या एका कापडवाल्याकडे उमेदवारी केली आणि 1859 मधे स्वतःचं दुकान टाकलं, ब्रॉड स्ट्रीटच्या बाजूला. माल कुठला, तर मुख्यतः वेल्श फ्लॅनेल, म्हणजे तिथली लोकरीची मऊ उबदार फडकी. न्यूटाउन तेव्हा ह्या फ्लॅनेलसाठी नावाजलेलं होतं, लोक त्याला वेल्सचं लीड्स म्हणायचे, लीड्स म्हणजे इंग्लंडमधलं लोकरीच्या कापडाचं मोठं शहर. 1861 च्या सुमाराला त्याने एक साधी गोष्ट सुरू केली, कापडाचे नमुने आणि दरपत्रक छापून आसपासच्या बड्या घरांना पोस्टाने पाठवायचं, लोक त्यातून निवडून पत्राने ऑर्डर देणार. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही त्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक, पुढे खुद्द राणी व्हिक्टोरिया, मग युरोपातली इतर राजघराणी. 1880 पर्यंत गिऱ्हाइकांची संख्या लाखावर गेली होती. जगातली पहिली मेल ऑर्डर कंपनी ती हीच असं बरेच जण म्हणतात, त्यावर वाद घालणारेही आहेत, पण एक नक्की की शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डचा पहिला कॅटलॉग 1872 चा आहे आणि प्राइस जोन्स त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीपासून पार्सलं पाठवत होता.

आता इमारतीकडे येऊ, पण थेट नको, आधी त्याच गावातली एक जुनी इमारत बघायला हवी नाहीतर पुढचं कळणार नाही. नदीच्या पलीकडे पेनिग्लॉडफा म्हणून भाग आहे, तिथे कमर्शियल स्ट्रीटवर आता टेक्स्टाइल म्युझियम आहे ती 1830 च्या दशकातली विणकरांची इमारत. खाली एकमेकांना पाठ लावून बांधलेली छोटी छोटी घरं, अगदी खोलीवर खोली अशी, आणि त्यांच्या वर दोन मजले अख्खेच्या अख्खे मोकळे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मधे भिंत नाही. तिथे हातमाग लावलेले असायचे. कुटुंब खाली राहणार, वर जाऊन विणणार. आणि त्या वरच्या मजल्यांना खिडक्या बघाल तर ओळीने, एकाला एक चिकटून, कारण धागा तुटला कुठे, दोरा चुकला कुठे हे दिसायला उजेड लागतो आणि मेणबत्ती परवडत नाही. म्हणजे खिडकी ही इथे शोभेची गोष्ट नाहीच, ते कामाचं अवजार आहे, मागासारखंच. हे डोक्यात ठेवा.

अजून एक इमारत, 1832 ची फ्लॅनेल एक्स्चेंज. विणलेलं कापड विकायला तिथे बाजार भरायचा. नंतर तिचं रूप पालटत पालटत तिथे रीजंट सिनेमा झाला. म्हणजे बघा, विणायची जागा वेगळी, विकायची वेगळी, साठवायची वेगळी, आणि नेणारा कालवा गावाच्या टोकाला, तो 1820 च्या आसपास आला होता. प्राइस जोन्सने पुढे ह्यातलं विकणं, साठवणं आणि पाठवणं एकाच छपराखाली आणलं, तेही थेट रेल्वेच्या काठावर. ह्या इमारतीची खरी कल्पना ही आहे, बाकी विटा आणि काचा त्याच्यामागून येतात.

पण विटा आणि काचांचंही ऐकण्यासारखं आहे. ब्रिटनमधे एके काळी ह्या दोन्हींवर कर होता. काचेवर वेगळा कर, विटेवर वेगळा, आणि वर घराला जितक्या खिडक्या त्या हिशोबाने अजून एक कर, त्यामुळे लोकांनी चक्क खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या होत्या, अशा बुजवलेल्या खिडक्या जुन्या ब्रिटिश गावांतून अजूनही दिसतात. काचेवरचा कर गेला 1845 मधे, विटेवरचा 1850 मधे, खिडक्यांवरचा 1851 मधे. सहा वर्षांत तिन्ही. त्यानंतर दुकान बांधणाऱ्याला पहिल्यांदाच मोठ्या काचा, भरपूर खिडक्या आणि हव्या तितक्या विटा परवडायला लागल्या, आणि वर न्यूटाउनला रेल्वे आली ती 1860 च्या आसपास, म्हणजे जड माल लांबून आणणंही सोपं झालं. व्हिक्टोरियन काळातली दुकानं आधीच्या दुकानांपेक्षा एकदम वेगळी, उंच आणि काचेरी का दिसतात असं कोणी विचारलं तर आवडीनिवडी बदलल्या हे अर्धंच उत्तर झालं, अर्धं उत्तर ह्या करांमधे आहे.

आता भिंत. आपल्याकडे हल्लीच्या बिल्डिंगमधे आरसीसीचा सांगाडा सगळं वजन घेतो आणि विटांची भिंत नुसती भरायला असते, म्हणून साडेचार इंची भिंतसुद्धा चालते. 1879 च्या इमारतीत उलटं. बाहेरची विटांची भिंत स्वतः वजन घेते, वरच्या मजल्याचं वजन खालच्या भिंतीवर, त्या दोघांचं त्याच्या खालच्या भिंतीवर, असं करत करत जोत्यापर्यंत. त्यामुळे अशी भिंत खाली जाड आणि वर पातळ होत जाते, आणि जाडी वाढते ती विटेच्या हिशोबाने, नऊ इंच, मग साडेतेरा, मग अठरा. जाडी किती ते खिडकीत हात घातला की कळतं, वरच्या मजल्यावर खिडकीचा कट्टा अरुंद असतो आणि तळमजल्यावर त्यावर आरामात फाइल आडवी ठेवता येते. दुसरी खूण म्हणजे विटांची नक्षी. विटेची लांब बाजू आणि आखूड बाजू आलटून पालटून दिसत असेल तर समजायचं की ती वीट भिंतीत आडवी घुसवून पुढची आणि मागची फळी बांधलीये, म्हणजे भिंत खरोखर जाड आणि एकजीव आहे. सगळ्या विटांच्या नुसत्या लांब बाजूच दिसल्या तर बहुतेक वेळा ती पुढची पातळ कातडी असते. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर कुठल्याही जुन्या विटांच्या इमारतीसमोर उभं राहून तुम्हाला निम्मं गणित सुटतं.

खिडकी म्हणजे ह्या वजन घेणाऱ्या भिंतीला पाडलेलं भोक. भोकाच्या वरचं वजन कुठे जाणार? त्यासाठी कमान. पाचरीच्या आकाराच्या विटा एकमेकींना दाबून धरतात आणि वरचं वजन डाव्या-उजव्या बाजूला ढकलतात, दोन खिडक्यांच्या मधला जो विटांचा खांब राहतो त्याच्यावर. म्हणून अशा इमारतीत खिडक्या नेहमी एकाखाली एक सरळ रेषेत असतात. वरची खिडकी चुकून खालच्या दोन खिडक्यांच्या मधल्या खांबावर आली तर गोंधळ, कारण वजन सरळ खाली जायचा रस्ताच बंद होतो. लांबून बघताना त्या सरळ ओळी आपल्याला शिस्तीच्या, रुबाबदार वाटतात आणि त्या आहेतही, पण ती शिस्त आर्किटेक्टच्या सौंदर्यदृष्टीच्या आधी गुरुत्वाकर्षणाने घालून दिलेली आहे. मधे मधे दगडाचे आडवे पट्टे असतात, त्यांचंही तसंच, पाऊस भिंतीवरून ओघळत खाली येतो तो ह्या पट्ट्याच्या पुढे आलेल्या काठावरून बाहेर टपकतो आणि खालची भिंत जरा कोरडी राहते. वेल्सच्या पावसात ह्याचं महत्त्व सांगायला नको.

बाहेरची भिंत वजन घेते हे ठीक, पण आत? आत जर तशाच जाड भिंती घातल्या तर सगळ्या मजल्याच्या खोल्या खोल्या होणार आणि कापडाचे तागे, गठ्ठे, टेबलं, माणसं ह्यांना फिरायला जागा उरणार नाही. इथे येतात खांब. आपल्या जुन्या वाड्यांत जसं लाकडी खांबांच्या ओळी उभ्या करून दोन तुळयांमधल्या जागेला एक खण म्हणतात आणि अमक्याचा वाडा इतक्या खणांचा असं मोजतात, तसंच एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश वेअरहाऊसं खणांची असायची, फक्त खांब ओतीव लोखंडाचे. मूठभर जाडीचा लोखंडी खांब जेवढं वजन पेलतो तेवढ्यासाठी विटांचा खांब बांधला तर तो माणसाला कवेत मावणार नाही. म्हणजे तेवढीच जागा मोकळी झाली, आणि दुकानात मोकळी जागा म्हणजे पैसा.

ह्या लोखंडी खांबांचा जन्मही तिथून लांब नाही. न्यूटाउनहून साधारण पन्नास किलोमीटरवर श्रूझबरी आहे, इंग्लंडच्या हद्दीत, पण त्याच सेव्हर्न नदीवर आणि त्याच रेल्वेमार्गावर. तिथे 1797 मधे चार्ल्स बेज नावाच्या माणसाने डिदरिंग्टनला अळशीच्या धाग्याची गिरणी बांधली, खांबही लोखंडाचे आणि तुळयाही लोखंडाच्या, कारण लाकडी गिरण्या सारख्या जळायच्या. लोखंडी सांगाड्याची ती जगातली पहिली इमारत, आजच्या गगनचुंबी इमारतींची आजी म्हणतात तिला, आणि बरीच वर्षं पडीक राहून दुरुस्त होऊन 2022 मधे ती परत लोकांसाठी उघडली.

पण ओतीव लोखंडाला एक खोड आहे आणि ती समजून घेणं महत्त्वाचं, कारण त्यामुळेच ह्या काळातल्या इमारती आतून जशा दिसतात तशा दिसतात. दाबाला ते जबरदस्त, ताणाला कमजोर. खांबावर फक्त दाब येतो, म्हणून खांब मस्त. तुळईचं तसं नसतं, तुळई वजनाने किंचित वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, आणि ओतीव लोखंड त्या ताणाला सरळ कडकन तुटतं, आधी कुरकुर नाही, वाकणं नाही, काही सूचना नाही. 24 मे 1847 ला चेस्टरजवळ डी नदीवरच्या रेल्वे पुलाची ओतीव लोखंडाची तुळई अशीच तुटली, वेल्समधल्या रुआबनकडे निघालेली गाडी खाली गेली आणि 5 माणसं मेली. पूल कोणाचा, तर रॉबर्ट स्टीफन्सनचा, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात नामांकित इंजिनिअरपैकी एकाचा. त्यानंतर लोक सावध झाले. लाकूड वाकतं, कुरकुरतं, सांगतं की बाबा ओझं जास्त होतंय. म्हणून ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया मात्र लाकडाच्या किंवा घडीव लोखंडाच्या (म्हणजे ठोकून घडवलेलं, ताण सोसणारं लोखंड), अशी जोडी ह्या शतकातल्या कितीतरी वेअरहाऊसांतून दिसते. जुन्या वेअरहाऊसमधे आता कॅफे नाहीतर ऑफिस केलेलं असेल तर आत गेल्यावर वर बघा, गोल बारीक खांब आणि त्याच्या डोक्यावर बशीसारखा पसरलेला भाग दिसेल, त्या बशीवर तुळईचं टोक टेकलेलं असतं. ती बशी नुसती शोभा नाही, वजन एका टोकावर न येता पसरावं म्हणून आहे.

आता परत उजेडाकडे, कारण कापडाच्या धंद्यात सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होत असतील तर रंगावरून. प्राइस जोन्सचा सगळा व्यवहार नमुन्यांवर उभा होता, गिऱ्हाइकाकडे कापडाचा बोटभर तुकडा जाणार, ती बाई तो खिडकीत धरून बघणार, ह्या तुकड्यासारखंच दहा वार पाठवा म्हणून लिहिणार. आता इकडे पाठवणाऱ्याने तो तागा कुठल्या उजेडात काढला ह्यावर सगळं अवलंबून. 1879 मधे दिवा म्हणजे गॅसचा, जोसेफ स्वानने न्यूकॅसलला विजेचा दिवा लोकांसमोर पेटवून दाखवला तोच मुळी त्या वर्षी, दुकानादुकानात वीज पोचायला अजून वेळ होता. आणि गॅसच्या पिवळ्या उजेडात गडद निळं आणि काळं जवळपास सारखंच दिसतं, हिरव्याची निळ्याशी गल्लत होते. म्हणजे निळ्या फ्लॅनेलच्या जागी काळं गेलं तर ते पार्सल लंडनहून नाहीतर अजून लांबून परत येणार, आणि समोर उभं राहून समजूत काढायची सोय नाही. त्यामुळे ह्या इमारतीच्या खिडक्यांच्या रांगा बघितल्या की मला विणकरांच्या त्या वरच्या मजल्याची आठवण येते. मालक बदलला, धंदा बदलला, कापड विणायचं नसून विकायचं आहे, पण गरज तीच राहिली.

मग जागा. दुकान म्हटलं की ते बाजारात, चौकात, जिथे पावलं जास्त तिथे. न्यूटाउनचा बाजार ब्रॉड स्ट्रीट आणि हाय स्ट्रीटला, नदीच्या बाजूने. हा माणूस बाजार सोडून स्टेशनला जाऊन बसला, म्हणजे तेव्हाच्या गावाच्या कडेला. कारण त्याची पावलं तिथे होती. सकाळी गाडीने पत्रं येणार, दिवसभरात माल काढून, कापून, बांधून, त्याच दिवशी गाडीने रवाना. पार्सल पोस्ट ही सरकारी सोय सुरू झाली 1 ऑगस्ट 1883 ला, त्याआधी पोस्ट फक्त पत्रं आणि छोटी पाकिटं घ्यायचं, मोठं पार्सल रेल्वेनेच पाठवावं लागे, आणि वेअरहाऊस उघडलं ते तर 1879 ला. म्हणजे पार्सल पोस्ट नसतानाच ह्याने पार्सलसाठी इमारत बांधली, रेल्वेच्या भरवशावर. नंतर पार्सल पोस्ट आल्यावर धंदा अजून वाढला आणि इमारतही पुढच्या वर्षांत वाढत गेली. 1887 मधे राणीने त्याला सर ही पदवी दिली आणि त्याने स्वतःचं नाव प्राइस प्राइस-जोन्स असं करून घेतलं. तो खासदारही झाला होता, पण ते राहू दे.

साठवणीचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1876 मधे त्याने युक्लिसिया रग नावाच्या वस्तूचं पेटंट घेतलं, लोकरीची घोंगडी, तिला डोक्याकडे एक खिसा, खिशात हवा भरायची रबरी उशी, घोंगडी अंगावर घडी करून बंद करायची. आजच्या स्लीपिंग बॅगचा हा पूर्वज. रशियन सैन्याने तुर्कांशी लढाई चालू असताना ह्या 60,000 मागवल्या, पण 1877 च्या डिसेंबरात प्लेव्हना हे तुर्कांचं वेढ्यात सापडलेलं ठाणं पडलं, उरलेली ऑर्डर रद्द झाली आणि 17,000 रग त्याच्या अंगावर पडले. 17,000 लोकरीच्या घोंगड्या! कुठे ठेवायच्या? त्याने त्या आपल्या यादीत घालून इतर लोकांना विकल्या, लांब लांबच्या देशांत गेल्या त्या, पण विकल्या जाईपर्यंत तेवढा माल कोरड्या जागेत, कसर लागणार नाही असा, कुठेतरी रचून ठेवावाच लागला असणार. मेल ऑर्डरचा धंदा बाहेरून पोस्टाचा धंदा वाटतो, आतून तो जागेचा धंदा आहे. दोनच वर्षांनी ही एवढी इमारत उघडली ह्यात मला अजिबात नवल वाटत नाही.

आता पहिला प्रश्न. शेड का नाही ठोकली? समजा तुम्ही 1880 मधे स्कॉटलंडच्या एखाद्या खेड्यात राहता. वेल्समधल्या कधी नाव न ऐकलेल्या गावातला कोणी माणूस म्हणतो, पैसे पाठवा, मी कापड पाठवतो. तुम्ही पाठवाल? न बघितलेल्या माणसावर विश्वास कसा बसणार, हा त्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. आणि त्याच्यावरचं उत्तर म्हणजे ही इमारत. दुकानाच्या कागदांवर, पत्रकांवर तिचं चित्र छापलेलं असायचं, मजल्यावर मजले, खिडक्याच खिडक्या, समोरून रेल्वे चाललीये. ते चित्र बघून माणसाला वाटणार, एवढी मोठी पेढी काही माझे पैसे घेऊन पळून जाणार नाही. विटा उचलून रातोरात पळता येत नाही हे सगळ्यांना कळतं. वर राजघराण्याचा आश्रय सांगणारं रॉयल हे नाव, तेही भिंतीवरच लिहिलेलं, इतकं मोठं की चालत्या गाडीतून वाचता यावं. म्हणजे दर्शनी भाग गिऱ्हाइकासाठीच होता, फक्त ते गिऱ्हाईक फुटपाथवर उभं नव्हतं, ते गाडीच्या खिडकीत होतं आणि घरी आरामखुर्चीत हातात कागद घेऊन बसलं होतं. आर्किटेक्चरमधे दर्शनी भाग म्हणजे नेहमी रस्त्याकडची बाजू असं आपण धरून चालतो, पण खरं तर बघणारा जिथे आहे तिकडे तो तोंड करतो. माझ्या मते ह्या इमारतीतली सगळ्यात हुशारीची गोष्ट ही.

ह्याच्या अगदी उलट टोकाची इमारत त्याच गावात हाय स्ट्रीटवर आहे आणि दोन्ही एकाच दिवसात पायी बघता येतात हे न्यूटाउनचं भाग्य. डब्ल्यू एच स्मिथ कंपनीने 1927 मधे उघडलेलं दुकान. पुस्तकं, पेपर, स्टेशनरी. ही कंपनी मुळात रेल्वेवरच वाढली, 1848 मधे लंडनच्या यूस्टन स्टेशनवर पुस्तकांचा स्टॉल टाकून. मग 1905 च्या शेवटी दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांशी भाड्यावरून फिसकटलं आणि एका झटक्यात जवळपास दोनशे स्टॉल हातचे गेले, तेव्हा त्यांनी स्टेशनांच्या आसपास आणि गावांच्या बाजारात धडाधड दुकानं उघडली. न्यूटाउनचं दुकान त्यानंतर वीसेक वर्षांनी आलं. प्राइस जोन्स बाजारातून रेल्वेकडे गेला, हे रेल्वेतून बाजारात आले.

इथे सगळा खेळ फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाचा आहे, म्हणून सगळं डोळ्याच्या उंचीवर. शॉपफ्रंट ओक लाकडाचा. अशा जुन्या शॉपफ्रंटचे भाग ओळखायला शिकलं की मजा येते. सगळ्यात खाली, काचेच्या खाली गुडघ्याएवढा एक भरीव पट्टा असतो, तो का, तर रस्त्यावरचा चिखल आणि लोकांचे बूट काचेला लागू नयेत आणि मांडलेला माल जरा उचलून नजरेच्या जवळ यावा. दोन्ही कडांना उभ्या चपट्या पट्ट्या, खांब असल्यासारख्या, त्या शेजारच्या दुकानापासून आपलं दुकान वेगळं काढतात. वर पाटीची जागा. आणि दार बऱ्याचदा रस्त्याच्या ओळीत नसून जरा आत ढकललेलं, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना काच वळून आत जाते. ह्याचे दोन फायदे, एक तर तेवढ्याच रुंदीत जास्त काच मिळते, म्हणजे जास्त माल मांडता येतो, आणि दुसरं, पाऊस आला की माणूस त्या खोबणीत येऊन उभा राहतो, उभा राहिला की काचेत बघतो, बघितलं की दार हाताशीच असतं. किती बारीक विचार आहे बघा हा, माणूस आत यायचं ठरवण्याच्या आधीच अर्धा आत आलेला असतो.

न्यूटाउनच्या ह्या दुकानात आत टाइल्स, आरसे, प्लॅस्टरमधे उठवलेली नक्षी असं सगळं होतं, आणि 1970 च्या दशकात कंपनीने ते पुसून न टाकता उलट दुकान 1927 मधे होतं तसं परत केलं आणि वरच्या मजल्यावर स्वतःच्या इतिहासाचं छोटं म्युझियम मांडलं. त्या काळात ब्रिटनभर जुने लाकडी शॉपफ्रंट उखडून ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि प्लॅस्टिकच्या पाट्या बसवणं चालू होतं, त्यात हे केलं ह्याचं मला फार कौतुक वाटतं. आणि आरसे का, तर ते लांबट अरुंद दुकान, उजेड फक्त पुढून येणार, आरसा तो उजेड उचलून आतल्या कोपऱ्यात टाकतो. चकचकीत टाइलचंही तेच. परत उजेडच.

वेअरहाऊसचं पुढे काय झालं? सर प्राइस प्राइस-जोन्स 1920 मधे गेले. त्याच्या आधीच, 1912 मधे, गावातली कॅम्ब्रियन मिल जळाली, ती वेल्समधली सगळ्यात मोठी लोकरीची गिरणी होती, आणि ती परत उभी राहिली नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या यंत्रांवरच्या स्वस्त फ्लॅनेलपुढे न्यूटाउनचे माग तर त्याच्याही कितीतरी आधी हरले होते. कंपनी मात्र चालू राहिली, 1938 मधे लिव्हरपूलच्या लुइसेस ह्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरवाल्यांनी ती घेतली. इमारत टिकली कारण ती मुळात टिकण्यासारखी होती, मोकळे मजले, मधे भिंती नाहीत, भरपूर उजेड, असल्या जागेत पुढे कुठलाही धंदा घालता येतो. आणि आता ती लिस्टेड आहे, म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत आहे. वेल्समधे हे काम कॅडू नावाची सरकारी संस्था बघते, एखादी इमारत यादीत आली की मालकाला तिचं रूप बदलायच्या आधी परवानगी लागते, बाहेरचंच नाही तर आतलंसुद्धा. पुष्कळांना वाटतं की फक्त दर्शनी भाग सांभाळला की झालं, तसं नाही, खांब, तुळया, जिने, जुन्या खिडक्यांच्या चौकटी सगळं त्यात येतं, आणि वर सांगितलेलं गणित लक्षात असेल तर ते बरोबरच आहे हे पटेल, कारण अशा इमारतीची अर्धी गोष्ट आतच असते.

कोणी यूकेत असाल आणि बर्मिंगहॅमहून ॲबरिस्टविथला जाणाऱ्या गाडीने कधी निघालात तर ती न्यूटाउनला थांबते, तिथे उतरा. एक करा मात्र, वेअरहाऊस समोरच दिसेल पण ते आधी बघत बसू नका. नदी ओलांडून आधी विणकरांच्या इमारतीकडे जा, म्युझियम उघडं असायचे दिवस ठराविक असतात ते आधी बघून ठेवा, वरच्या मजल्यावर मागाशेजारी उभं राहून खिडक्यांकडे बघा. मग परत येताना रीजंटच्या इमारतीवरून, मग हाय स्ट्रीटवरचा तो ओकचा शॉपफ्रंट, तिथे दुकानासमोर जरा वेळ थांबून खालपासून वरपर्यंत एकेक भाग ओळखून बघा. आणि परतीच्या गाडीला अर्धा तास असेल तेव्हा वेअरहाऊसकडे या. जवळ जाऊन विटांच्या लांब-आखूड बाजू बघा, कमानी बघा, आणि मग मागे येऊन प्लॅटफॉर्मवरून अख्खी इमारत बघा, कारण ती जवळून बघायला नव्हे, तिथूनच बघायला बांधली होती.